भुताला काय हवं असतं

"हिला काय हवंय गं?" आई विचारायच्या.

पडद्यावर विहिरीच्या काठाशी केस पुढे घेतलेली बाई उभी असायची. मी उशी पोटाशी घट्ट धरून एका डोळ्याने बघत असायचे, आणि माझ्या सासूबाई शेजारी बसून परातीत मेथी निवडत असायच्या. घाबरणं नाही, दचकणं नाही. दाराशी कुणीतरी बाई आलीय आणि तिला आत घ्यायचं की नाही एवढंच ठरायचंय, तसा आवाज.

"अजून सांगितलं नाही, आई. पुढे कळेल."

"सांगेल, सांगेल. काहीतरी हवं असल्याशिवाय का कोणी येतं परत?"

हे आमचं दुपारचं. डोंबिवलीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, माझा नवरा अनिश ठाण्याला ऑफिसला गेलेला, मनू आतल्या खोलीत झोपलेली. मनू आमची मुलगी, माझ्या सासऱ्यांच्या आईचं नाव मनुबाई, त्यावरून. ती उठू नये म्हणून टीव्हीचा आवाज इतका बारीक ठेवायचो, की पडद्यावरची बाई जीव खाऊन किंचाळायची तेव्हा खालच्या भंगारवाल्याची हाक तिच्यापेक्षा मोठी ऐकू यायची. परदेशी सिनेमा असला तर खालच्या ओळींचं मराठी करून मी कुजबुजत सांगायचे. 'तो याच खोलीत आहे.' 'मागे बघू नकोस.' असं काही कुजबुजत म्हटलं की माझीच मान ताठ व्हायची. आई म्हणायच्या, "अगं नीट सांग, अर्धं गिळतेस."

बाबा, म्हणजे माझे सासरे, गेले तेव्हा मला सातवा महिना होता. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्यांनी सगळं आयुष्य लेथवर काढलं. रिटायर झाले तरी अधूनमधून जायचेच. नव्या पोरांना शिकवायला असं सांगायचे, खरं तर चहा प्यायला. त्या दिवशी सकाळी "येतो गं" म्हणून निघाले. आईंचे हात कणकेत होते. त्यांनी मान वळवली नाही, नुसतं "हं" म्हणाल्या. दुपारी वर्कशॉपमधून फोन आला. स्टुलावर बसल्या बसल्या गेलेले.

मी बाळंतपणाला माहेरी, कोलशेतला गेले आणि मनूला घेऊन परत आले, तेव्हा आई सगळं करत होत्या. मनूला तेल, अंघोळ, शेक, माझे डिंकाचे लाडू. फक्त बोलत नव्हत्या. विचारलं तेवढ्याचं उत्तर. बाबांची खुर्ची बाल्कनीत होती तिथेच होती, आणि आई कपडे वाळत घालताना तिला वळसा घालून जायच्या. जसं काही त्यांचे पाय पसरलेलेच आहेत तिथे.

माझं वेगळंच चाललेलं. मनू झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. श्वास लागला की बरं वाटायचं, पण ते बरं वाटणं पुढच्या श्वासापर्यंतच. पंखा पडेल. गॅस राहील. बाल्कनीत तिला घेऊन उभी असताना माझेच हात सुटतील. हे कुणाला सांगणार? अनिशला एकदा सांगायला गेले तर म्हणाला, "हार्मोन्स असतात गं ते," आणि डॉक्टरांचा नंबर शोधायला लागला.

एका दुपारी काही सुचेना म्हणून फोनवर भुताचा सिनेमा लावला. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी खूप बघायचो. आणि गंमत बघा, तासभर मी मनूचा श्वास तपासला नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी घराचं दार वाजत होतं, दुसऱ्या कुणाचं तरी मूल अंधारात एकटं चाललेलं. माझी सगळी भीती तिकडे गेली, कामाला लागली. आणि सिनेमातली भीती संपते, हे केवढं सुख आहे! नावं वर सरकायला लागतात, माणूस उठतं, कुकर लावतं. आईपणाच्या भीतीची नावं कधी वर सरकत नाहीत.

आई शेजारी कधी येऊन बसल्या, कळलं नाही.

"काय बघतेस एवढं?"

मी ओशाळले. अंगावर पाजणारी बाई आणि भरदुपारी भुतं बघतेय. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी माझ्या कानातला एक इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला. वायर तोकडी होती, डोक्याला डोकं लावूनच बसावं लागलं. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि कापराचा वास येत होता.

"ही कोण?"

"मेलेली आहे, आई."

"मग परत का आलीय?"

तेव्हापासून रोज. फोनवरून टीव्हीवर आलो. आईंची आवड हळूहळू माझ्या लक्षात आली. नुसतं रक्त, नुसती कापाकापी त्यांना चालायची नाही. "हा काय, खाटीक आहे नुसता. बदल." उगाच दार आपटणारं, भांडी पाडणारं भूत त्यांना चाळे करणाऱ्या पोरासारखं वाटायचं. पण एखादी मेलेली बाई पैंजणाचा हरवलेला जोड शोधत फिरत असली, एखादी आई मुलाच्या शाळेच्या फाटकाशी रोज उभी राहत असली, की मेथीची काडी हातात तशीच राहायची. एका सिनेमात मेलेला म्हातारा रोज पहाटे स्वयंपाकघरात गॅस पेटवायचा. घरातले सगळे थरथर कापत पलंगाखाली. आई म्हणाल्या, "अरे पण त्याला चहा हवाय! एवढं कळत नाही? ठेवा एक कप." आणि शेवटी मांत्रिक येऊन त्याला बाटलीत भरतो, तेव्हा इतक्या चिडल्या की रात्री जेवताना अनिशला म्हणाल्या, "माणसं फार दुष्ट असतात रे."

"काय झालं? कोण काय बोललं तुला?"

आम्ही दोघी खाली मान घालून भात कालवत बसलो.

अनिशला कळलं तेव्हा तो खवळलाच. "घरात लहान मूल आहे, आई. आणि तुला बीपी आहे."

"बीपी तुझ्या बातम्यांनी वाढतं. भुतांनी नाही."

"अगं पण आवडतं काय तुम्हाला त्यात? पैसे देऊन माणसं घाबरतात, मला कळतच नाही हे."

"घाबरतं कोण?" आई म्हणाल्या. "मला तर बरं वाटतं."

तो माझ्याकडे बघायला लागला, मी खांदे उडवले. तेव्हा मलाही कळलेलं नव्हतं.

कळलं ते दिवाळीनंतरच्या एका दुपारी. सिनेमात एक तरुण नवरा अपघातात मेलेला, आणि बायको दुसऱ्या गावी राहायला गेली तरी तिथे तिच्या मागे आलेला. ती झोपली की उशीवर तिच्या शेजारी खळगा पडायचा. माझ्या अंगावर काटा. आईंनी रिमोट घेऊन सिनेमा थांबवला. उशीवरचा खळगा पडद्यावर तसाच.

"आपले नाही आले," त्या म्हणाल्या.

मला आधी वाटलं अनिशबद्दल बोलतायत.

"एकदा सुद्धा नाही. स्वप्नात सुद्धा नाही, दक्षता. मी सगळं करून बघितलं. रात्री दिवा मालवून बसले. त्यांचा स्वेटर उशाशी घेऊन झोपले. काही नाही. कसे येणार? कावळासुद्धा..." आणि थांबल्या.

"कावळ्याचं काय, आई?"

"तू माहेरी होतीस तेव्हा. दहाव्याला पुरुष मंडळी खडवलीला नदीवर गेली. आम्ही बायका इथे. मी आपली देवापुढे बसलेली, म्हटलं एवढं अचानक गेलेले, अडकणार कुठेतरी, लवकर नाही शिवायचा. तर दुपारी परत आले, आणि धाकू भावजी दारातूनच ओरडले, 'वहिनी, पान ठेवलं न ठेवलं तोच कावळा शिवला! दादा तृप्त गेला!' सगळ्या बायकांनी हात जोडले. भाग्यवान म्हणाल्या. खालच्या मजल्यावरची सुमित्रा म्हणाली, 'काही म्हणजे काही मागे राहिलं नाही हो त्यांचं.'"

त्या हसल्या. बरं नसलेलं माणूस हसतं तसं.

"खरंच आहे. काहीच राहिलं नाही. एवढी वर्षं संसार केला, मी इथे कणकेत हात घालून उभी, आणि त्यांना वळून बघावंसं वाटलं नाही. पान ठेवलं न ठेवलं तोच गेले. आणि ही बघ," त्यांनी पडद्याकडे बोट केलं, "हिचा नवरा गाव शोधत आला. लोक म्हणतात भीती वाटते. मला वाटतं, अगं, कुणीतरी तुझी आठवण काढून मसणातून उठून आलंय, त्याला घाबरायचं कसलं?"

आतून मनू कुरकुरली. आईच उठल्या. मी त्या उशीकडे बघत बसले. म्हणजे इतके महिने आम्ही शेजारी बसून दोन वेगळेच सिनेमे बघत होतो. मला भीती बाहेर काढून हवी होती. आईंना भूत घरात हवं होतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं. धाकूकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, कल्याणहून एका रविवारी सकाळी ठरवाठरवीला आले. आई मंडईत गेलेल्या. मी आतल्या खोलीत मनूला पाजत होते, आणि काका नि अनिश बाल्कनीत. काकांचा आवाज मूळचाच मोठा.

"गुरुजींना आधीच सांगून ठेव बाबा. दर्भाचा कावळा घेऊनच या म्हणावं. मागच्यासारखं उन्हात वाळत बसायला नको. माझी तर चक्कर येऊन पडायची वेळ आलेली."

"काका, हळू."

"वहिनी नाहीयेत रे घरात."

मनूचं दूध पिऊन झालेलं, ती माझ्याकडे बघून हसत होती, आणि मी तशीच बसून राहिलेले.

काकांना रिक्षापर्यंत सोडून अनिश वर यायच्या आत मी मनूला कडेवर घेऊन खाली गेले. सोसायटीच्या फाटकाशी त्याला गाठलं.

"कावळा शिवला नव्हता?"

त्याने आधी इकडेतिकडे बघितलं. मग फाटकाच्या कट्ट्यावर बसला. "नाही."

"अजिबात नाही?"

"अगं, सगळ्यांच्या पानांना शिवत होते. आमच्या बाजूला एक फॅमिली होती, त्यांचं तर पान ठेवेपर्यंत झुंबड. आमच्याकडे एक नाही. पलीकडे झाडावर बसून नुसते बघतायत. मग सुरू झालं. काका म्हणाले, घराचं काम पुरं करू. काही नाही. मी म्हटलं, दक्षताचं बाळंतपण नीट करू. काही नाही. वर्कशॉपचा माणूस आलेला, तो म्हणाला, नव्या पोरांना मी शिकवीन. काही नाही. ऊन डोक्यावर आलेलं." त्याने मनूच्या पायातला निघालेला मोजा वर ओढला. "मग मी म्हटलं, 'बाबा, आईला सांभाळू.' तेव्हा एक आला खाली. खरंच आला. पानाच्या इतका जवळ. मला रडूच आलेलं. मी परत म्हटलं, 'आईला एकटं नाही ठेवणार, नीट सांभाळू.' तर त्याने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं, आणि गेला उडून."

"मग?"

"मग काय. गुरुजींनी दर्भाचा केला, तो लावला पानाला. झालं."

"आणि आईंना खोटं सांगितलंत."

"मग काय सांगणार होतो?" तो एकदम उसळला. "तुझा नवरा लटकलाय कुठेतरी, असं? गाडीत सगळ्यांनी मिळून ठरवलं. तिला झोप लागली असती का? तिच्यासाठीच केलं ना. आणि प्लीज, तू आता सांगायला जाऊ नकोस. एक वर्ष झालं, ती जरा सावरलीय. परत सुरू होईल सगळं."

त्याचंही खरं होतं. आईंच्या वयाच्या बाईला कावळा न शिवणं म्हणजे काय, ते मलाही माहीत होतं. गेलेला माणूस ना इकडचा ना तिकडचा. असं सांगून मी त्यांना कुठल्या दुःखातून काढून कुठल्या दुःखात ढकलणार होते? मी गप्प बसायचं ठरवलं, आणि बसलेही असते.

पण त्याच आठवड्यात आई म्हणाल्या, "आज नको लावूस सिनेमा."

"बरं नाही वाटत का?"

"कंटाळा आला. सगळ्यांचे येतात."

दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाबांचा स्वेटर धुऊन, घडी घालून वॉचमनला दिला. बाल्कनीतली खुर्ची आत आणून तिच्यावर मनूच्या दुपट्यांची चळत ठेवली. आणि अनिश वर्षश्राद्धाचं बोलायला लागला तर म्हणाल्या, "तुमचं तुम्ही करून या. त्यांचं काय राहिलंय इथे, मी येऊन काय करू?" अगदी साध्या आवाजात. अनिश माझ्याकडे बघून मान हलवून गेला, की बघ, सावरलीय की नाही. मला मात्र त्या साध्या आवाजाची जेवढी भीती वाटली, तेवढी कुठल्या विहिरीवरच्या बाईची वाटली नव्हती.

दुपारी त्या वाल सोलत बसलेल्या. बिरडं करायचं होतं. मोड आलेले वाल पाण्यात, आणि त्या एकेक चिमटीत धरून साल काढतायत. मनू झोपलेली. टीव्ही बंद. मी समोर बसले, दोन-चार वाल सोलले, आणि म्हटलं, "आई, कावळा शिवला नव्हता."

त्यांच्या चिमटीतला वाल सुटून पाण्यात पडला.

"काय?"

"खडवलीला. नव्हता शिवला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून त्या सगळ्यांनी मिळून तसं सांगितलं."

मला वाटलं, रडतील. किंवा काकांवर चिडतील. किंवा देवाजवळ जाऊन बसतील. त्यांनी परात बाजूला सारली, ओले हात गाऊनला पुसले आणि माझ्या बाजूला सरकल्या. गुडघ्याला गुडघा लागला.

"मग? मग काय झालं?"

तो आवाज मला ओळखीचा होता. रोज दुपारी ऐकलेला.

मी सगळं सांगितलं. झाडावर बसलेले कावळे, बाजूच्या पानावरची झुंबड, घराचं काम, माझं बाळंतपण. त्या मध्ये मध्ये विचारत होत्या. झाड कुठलं होतं? ऊन फार होतं का? एकही हलला नाही? "नाही, आई." "एकही नाही?" "नाही." त्यांचे डोळे मोठे झालेले. मग अनिशचं सांगितलं. तो कावळा खाली आला, अगदी पानाजवळ आला, आणि अनिश म्हणाला, आईला नीट सांभाळू.

"आणि?"

"त्याने अनिशकडे मान तिरकी करून बघितलं आणि गेला परत."

आई जे हसायला लागल्या! तोंडावर पदर घ्यायला गेल्या, पदर नव्हता, तर गाऊनची बाहीच तोंडात धरली.

"अनिश सांभाळणार! स्वतःचा रुमाल सांभाळता येत नाही त्याला! कसा विश्वास बसेल? अगं, ह्यांनी आयुष्यात त्याला साधं दूध आणायला पाठवलं तरी मागून स्वतः जायचे!" हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थांबेना. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले, मनूच्या पाठीवर फिरवते तसा.

"म्हणजे राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "राहिलं होतं काहीतरी."

"हो, आई."

"तरी मी म्हणत होते. असे कसे जातील?"

मग त्या एकदम थांबल्या. ताठ बसल्या. दाराकडे बघितलं, मग बाल्कनीकडे.

"मग ते आहेत कुठे गं आता?"

भरदुपारी माझ्या हातांवर काटा आला. घर अगदी शांत होतं. आई उठल्या. मला वाटलं, देव्हाऱ्याकडे जातायत. त्या मोरीत गेल्या, तोंड धुतलं, आतल्या कपाटाचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा गाऊन नव्हता. फिकट जांभळी सुती साडी होती, केस विंचरलेले, मानेवर थोडी पावडर सांडलेली. माझ्याकडे न बघता पुन्हा परातीपाशी बसल्या आणि वाल सोलायला लागल्या.

"अनिशला काही बोलू नकोस," थोड्या वेळाने म्हणाल्या. "बिचाऱ्याने माझ्यासाठीच केलं. पण मी येणार खडवलीला."

अनिशने आश्चर्याने बघितलं, पण नाही म्हणाला नाही. धाकूकाका फोनवर म्हणाले, "वहिनी, बायकांचं काय काम तिथे?" तर आई म्हणाल्या, "नवरा माझा आहे, भावजी." फोन ठेवल्यावर मला हळूच म्हणाल्या, "माझंच ऐकतील ते. मी जाऊन सांगितलं ना, की माझी काळजी करू नका, जा आता, की शिवेल. सुटतील बिचारे. काही झालं तरी लटकत ठेवणं बरं नाही."

मी हो म्हटलं. आणि मला उगाचच फार वाईट वाटलं. आत्ता कुठे आलेले, आणि लगेच निघायचे.

खडवलीला नदीवर सकाळचं कोवळं ऊन होतं. पलीकडच्या काठाला सहलीला आलेली पोरं पाण्यात दंगा करत होती, आणि अलीकडे आमच्यासारखी दोन-तीन कुटुंबं आपापली पानं मांडून बसलेली. गुरुजींचं सगळं आटोपलं. केळीच्या पानावर भात, खीर, वडे, घारगे. वडे आईंनी स्वतः तळलेले, पहाटे उठून. अनिशने पान नेऊन खडकावर ठेवलं.

"आता सगळे लांब व्हा," गुरुजी म्हणाले. "गर्दी बघून येत नाहीत ते."

पुरुष वर जाऊन गाडीपाशी उभे राहिले, तिथून पान दिसत नव्हतं. मनूची दुधाची वेळ झालेली, म्हणून मी बाजूच्या एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसलेले, आणि आई माझ्या सोबतीला म्हणून राहिल्या. पान आमच्यापासून चार पावलांवर. पदर डोक्यावरून घेऊन आई उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण नदीच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

वाट बघावीच लागली नाही. एकटाच आला, मोठा, मान राखाडी असलेला. खडकावर उतरला. दोन उड्या मारून पुढे आला, थांबला, आमच्याकडे बघितलं. मी मनूला छातीशी धरून श्वास रोखून बसलेले. आणखी एक उडी. आता चोच पुढे केली की वड्याला लागेल.

आई त्याच्याकडे बघत होत्या. कुणी तरी उन्हातून लांबून चालत आलंय आणि त्याला आधी पाणी विचारावं की आधी बस म्हणावं, तसं बघत होत्या.

आणि मग त्यांनी पदर सोडवून घेतला, झटकला आणि म्हणाल्या, "हुश्श! हुश्श!"

कावळा दचकून मागे सरला. आई एक पाऊल पुढे गेल्या, पदर पुन्हा झटकला. तो उडाला, डोक्यावरून एक घिरटी मारली आणि चढणीवरच्या झाडावर जाऊन बसला. ओरडला एकदा.

"एवढ्यात नको," आई त्याच्याकडे बघून म्हणाल्या. मोठ्याने नाही. घरातल्या माणसाशी बोलतो तेवढ्याच आवाजात. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा लाल झालेला, पकडल्या गेलेल्या पोरीसारखा. मी मनूचं टोपडं नीट केलं, त्यात जेवढा वेळ घालवता येईल तेवढा घालवला.

बऱ्याच वेळाने धाकूकाका उतरून आले. पानाकडे बघितलं, घाम पुसला.

"नाही शिवला?"

"नाही," आई म्हणाल्या.

"आता काय राहिलं असेल हो वहिनी याचं? सगळं तर झालं." काकांनी झाडाकडे बघून हात जोडले, मग वैतागून खाली सोडले. "गुरुजी, आता?"

"गाईला घालू या पान, चालतं तसं," वरून गुरुजी म्हणाले.

अनिश पान उचलायला वाकला. त्याचा चेहरा उतरलेला होता. आई पुढे झाल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवला, "असू दे रे," म्हणाल्या, आणि माझ्याकडून मनूला घेतलं.

"दादा म्हणजे पहिल्यापासून हट्टी," काका पुटपुटले.

"आहेतच," आई म्हणाल्या, आणि मनूला कडेवर घेऊन झाडाच्या बाजूने, सावकाश, वर चढायला लागल्या.